मंगळवारी चालू, शनिवारी बंद

१

शनिवारी सकाळी साडेनऊला मिस्त्रीने इंजिनाच्या पुढच्या मोठ्या नटावर पाना चढवला, दोन्ही हातांनी खाली रेटला, आणि पाना केसभरही हलला नाही.

"जाम," तो म्हणाला.

"परत बघा," बाई म्हणाली.

त्याने परत रेटलं. कपाळावरची शीर तट्ट फुगली. पाना तिथेच.

इंजिन लोखंडी घोडीवर बसवलेलं होतं. मंगळवारी हेच इंजिन जुन्या सुट्या भागांच्या यार्डात, याच घोडीवर, वीस मिनिटं चाललं होतं. बाईने त्याच्या झाकणावर पाण्याने भरलेला ग्लास ठेवून पाहिला होता. पाणी थरथरलं, पण थेंब सांडला नाही. मग तिने पर्समधून लाल नेलपॉलिश काढून इंजिनावर सात ठिकाणी ठिपके दिले, म्हणजे वाटेत कोणी भाग बदलला तर कळावं. सातही ठिपके आता जागेवर होते. इंजिनाचा नंबरही तोच होता.

बाई टॅक्सी चालवते. स्टँडवर तिला सगळे बाईच म्हणतात. तिची गाडी बत्तीस वर्षांपूर्वी युरोपात बनलेली, चार दारांची, काळी डिझेल सेडान. ती नवऱ्याने ठेवून गेलेली आहे असा लोकांचा समज असतो आणि बाई तो दर वेळी खोडून काढते. नवऱ्याला गाडी चालवता येत नव्हती. गाडी तिने स्वतः घेतली, चोवीस वर्षं चालवली, आणि दोन महिन्यांपूर्वी चढावर जुन्या इंजिनाने मान टाकली.

परवाना या गाडीच्या नंबरावर होता. गाडी बदलली तर नवा परवाना घ्यावा लागणार होता आणि नवे परवाने सहा वर्षांपासून बंद होते. बुधवारी दुपारी बाराच्या आत गाडी तपासणी केंद्रावर स्वतःच्या चाकांवर उभी राहिली नाही, तर परवाना कायमचा रद्द. त्याबरोबर स्टँडवरची जागाही.

"मी म्हणत होतोच, आई," जावई म्हणाला. तो कामावर जाता जाता डोकावला होता, हातात हेल्मेट. "बत्तीस वर्षांच्या गाडीला दुसऱ्याचं म्हातारं इंजिन! आता पुरे ना. घरी बसा, नातीला सांभाळा."

"जावईबापू, नात शाळेत जाते. तिला माझी गरज पावणेदोन तास असते. उरलेल्या बावीस तासांचं काय करू, भिंती मोजू?"

घोडी परत न्यायला आलेला यार्डवाला दारातच उभा होता. "ताई, माझ्याकडून निघालं तेव्हा चालू होतं. तुम्ही ऐकलंय. पण जुना माल आहे. मी परत घेतो, भंगाराच्या भावाने. त्यापेक्षा जास्त मला नाही जमणार."

"जोर लावून तर बघू," भोंगा म्हणाला. भोंगा म्हणजे स्टँडवरचा तिचा जोडीदार, पेट्रोल टॅक्सीवाला. आवाज असा की स्टँडवर हॉर्न वाजवायची गरज पडत नाही. त्यानेच भावाच्या पिकअपमधून गुरुवारी इंजिन आणलं होतं. त्याने कोपऱ्यातला चार फुटी पाइप उचलला. "पान्याला हा चढवतो आणि लटकतो. सुटलं तर सुटलं."

"लावा, लावा," जावई म्हणाला. "काय ते एकदाचं होऊन जाऊ दे."

मिस्त्रीने भोंग्याच्या हातातून पाइप काढून घेतला आणि भिंतीकडे फेकला. "काही होणार नाही त्याने. आतून गंजलंय. गेलेल्या जिवाला छळायचं कशाला? बाई, मीच ठेवून घेतो हे. सुटे भाग कामाला येतील. यार्डवाल्यापेक्षा जास्त देईन."

एवढं बोलून त्याने कपाटातून धुतलेली चादर काढली आणि इंजिनावर घातली.

बाईने चादरीकडे पाहिलं, मग चौघांकडे. मंगळवारी चाललेलं इंजिन शनिवारी गंजत नाही, एवढं तिला कळत होतं.

"कोणी काही घेणार नाही आणि कोणी काही परत नेणार नाही," ती म्हणाली. "हे इंजिन इथेच राहील. तुमच्यापैकी कोणीतरी काहीतरी केलंय. बुधवारच्या आत मला ते कळणार आहे."

२

"भावजी, तुम्ही अजून मोडक्या गाड्या बघता का?" बाईने फोनवर दिराला विचारलं.

"वहिनी, मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली."

"मग मोकळेच आहात. उद्या सकाळी या."

तिचा धाकटा दीर तीस वर्षं विमा कंपनीचा सर्व्हेअर होता. अपघात झालेली गाडी बघायची आणि मालक खरं बोलतोय का ते ठरवायचं, हे त्याचं काम. इंजिन उघडायची त्याला हौस नव्हती. तो माणसांना बोलतं करायचा, आणि त्यांनी काय केलं यापेक्षा ती काय बोलली हे शब्दाला शब्द वहीत उतरवायचा. त्याचं म्हणणं असं की माणूस काय केलं ते लपवतो, पण चारचौघांत काय बोललो ते लपवायचं त्याच्या डोक्यात येत नाही.

रविवारी दहाला तो गॅरेजवर पोहोचला. सुट्टी शुक्रवारी असल्याने गॅरेज उघडं होतं. मिस्त्रीने त्याच्यासाठी स्टूल पुसून दिलं.

साठीचा माणूस, नखांतही ग्रीस नाही. भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगलेले. मागच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक गाडी.

"ती कोणाची?" सर्व्हेअरने विचारलं.

"माझी." मिस्त्रीने ताडपत्री स्वतःच दूर केली. बाईच्या गाडीसारखीच, त्याच मॉडेलची, पण निळी. रंग आरशासारखा. बॉनेट उघडल्यावर आत रिकामी पोकळी, तीही घासूनपुसून लख्ख. "बारा वर्षं इंजिन शोधतोय. पडेल ते घालायचं नाही म्हणून थांबलोय. अख्ख्या बाजाराला माहीत आहे. यार्डवाला मला चिडवतो, नवरी सजलीय आणि नवरदेव सापडेना."

"मग वहिनीच्या आधी हे इंजिन तुम्हीच का नाही घेतलंत?"

"कारण शोधलं तिने. मला तर तिने मंगळवारी फक्त तपासायला नेलं होतं." मिस्त्रीने ताडपत्री परत नीट ओढून घेतली, चारही कोपरे जुळवून. "दुसऱ्याच्या ताटातलं उचलायची सवय नाही मला."

"इंजिन इथे कधी आलं?"

"गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी तुमच्यासमोर... म्हणजे बाईसमोर पाना लावला. घोटाळा यार्डातला असणार. नाहीतर वाटेतला. भोंग्याची गाडी वाटेत दीड तास थांबली होती, तुम्हाला माहीत आहे?"

सर्व्हेअरला माहीत नव्हतं. त्याने ते लिहून घेतलं.

मिस्त्री चहा सांगायला बाहेर गेला. सर्व्हेअरने चादर उचलली. इंजिनाची सगळी उघडी तोंडं, हवेची, पाण्याची, धुराची, स्वच्छ कापडाच्या बोळ्यांनी बंद केलेली होती. पाना अजून नटावरच होता. शनिवारी मिस्त्रीने तो खाली रेटला होता. सर्व्हेअरने तो वर उचलून पाहिला.

पाना हलला.

३

"थोडासा मागे गेला," त्याने संध्याकाळी बाईला सांगितलं. "मग अडला. मग पुढे आणला, तर पुढेही आला, आणि पहिल्या जागी थांबला. दगडावर आपटावा तसा."

बाई स्वयंपाकघराच्या टेबलावर कोपरं टेकून बसली होती. "गंजलेलं इंजिन मागे-पुढे नाही करत."

"नाही करत. गंजलेलं असतं तर दोन्ही बाजूंनी मुकं राहिलं असतं. आत काहीतरी अडकवलंय."

"खिळा? नट?"

"खिळा असता तर आपटताना आवाज आला असता. आवाज नव्हता. काय ते मला कळलेलं नाही. आधी कोणी, ते बघू. वहिनी, ठिपके कुठे द्यायचे ते तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मिस्त्रींनी. म्हणाले, जे जे सुटतं तिथे द्या. झाकण, पंप, स्टार्टर..." ती बोटं मोजत होती. "का?"

"सहज. यार्डवाला काय म्हणतो?"

यार्डवाल्याला तो दुपारी भेटून आला होता. चहूबाजूंनी गंजकी दारं आणि मधल्या खुर्चीत तो स्वतः. इंजिन बुधवारी कुठे होतं, या प्रश्नावर तो उखडला होता. "छपराखाली, साखळीने बांधून! साहेब, माझं नाव काळं झालंय दोन दिवसांत. दोन गिऱ्हाइकं दारातून परत गेली. मी बदमाश असतो तर मरतुकडं इंजिन चालू करून कशाला दाखवलं असतं? चालू करून दाखवलं तेच सिद्ध करतं ना!"

"आणि परत घेतो म्हणालात, भंगाराच्या भावाने?"

"मग काय सोन्याच्या भावाने? बंद पडलेलं इंजिन भंगारच असतं."

जावयाने मात्र नजर चुकवली होती. शुक्रवारी तो गॅरेजवर गेला होता. गॅरेजची दुसरी चावी शेजारच्या शिंप्याकडे असते, ती घेऊन तो एकटाच आत गेला होता. कशाला? गाडीचे फोटो काढायला. गाडी मोडीत काढण्याच्या अर्जाला फोटो लागतात, आणि अर्ज त्याने सासूला न विचारताच भरून ठेवला होता.

हे ऐकून बाई उठली आणि नळ सुरू केला. भांडं घासत राहिली. मग म्हणाली, "अर्जावर सही कोणाची करणार होता?"

"ते नाही विचारलं."

"मी विचारते." आणि तिने ओल्या हातानेच मुलीला फोन लावला.

४

भोंगा सोमवारी सकाळी स्टँडवर सापडला. बाईची जागा, रांगेतली चौथी, त्याने दोन महिने रिकामी ठेवली होती. कोणी तिथे गाडी घालायला लागला की भोंगा नुसता ओरडायचा.

"दीड तास कुठे थांबला होतास?" सर्व्हेअरने विचारलं.

"पंक्चर. स्टेपनीतही हवा नव्हती. शपथ घेऊ?"

"नको. इंजिन उतरवताना काय झालं?"

भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "काही नाही झालं."

"गाडीत तुझ्यासोबत दुसरं कोणी नव्हतं. इंजिन बंद पडलंय. उद्या पोलीस आले तर पहिलं तुझं दार वाजणार. आता सांगितलंस तर बरं."

भोंग्याने टॅक्सीच्या टपावर बोटाने धूळ रेघाटली. "साहेब, मला दोन रात्री झोप नाही. मीच मोडलं ते."

"कसं?"

"गुरुवारी उतरवून घोडीवर बसवलं. मिस्त्री साखळी ठेवायला आत गेला. मागचं मोठं चाक दिसलं, फ्लायव्हील. म्हटलं बघू, फिरतं का. दोन्ही हातांनी धरून ओढलं. जड होतं, पण फिरलं. अख्खा एक फेरा, वर थोडं. मिस्त्री आला आणि माझ्यावर खेकसला, हात लावू नकोस म्हणून. आणि शनिवारी जाम! बाईंना कुठल्या तोंडाने सांगू? त्यांची पोटापाण्याची गाडी आणि मी गाढवासारखा..."

सर्व्हेअरने वही मिटली. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"गाढवा, तू काही मोडलं नाहीस. तुझ्यामुळेच मला दिवस कळला. गुरुवारी संध्याकाळी ते फिरत होतं, म्हणजे यार्ड सुटलं आणि तुझं पंक्चरही सुटलं. जे झालं ते गॅरेजच्या आत, शुक्रवारी. आत दोघंच जाऊ शकत होते. एकाची स्वतःची चावी, दुसऱ्याने ती शिंप्याकडून घेतलेली." तो भोंग्याच्या कानाजवळ वाकला. "आज दुपारी तुला एक नाटक करायचंय. जमेल?"

५

दुपारी दोनला सगळे गॅरेजमध्ये जमले. जावई रविवारी बायकोला आलेल्या फोननंतरचं तोंड घेऊन आला होता आणि दाराशीच उभा राहिला. यार्डवाला त्याच्या शेजारी, हाताची घडी. बाई आपल्या काळ्या गाडीला टेकून उभी होती. गाडीचं बॉनेट उघडं, आत रिकामं.

"मिस्त्री," सर्व्हेअर म्हणाला, "हे इंजिन संपलंय, बरोबर?"

"आतून गंजलंय. दहा वेळा सांगितलं."

"मग आता त्याला काहीही केलं तरी फरक पडणार नाही. वहिनींची परवानगी आहे. भोंग्या, घे पाइप."

भोंग्याने पाइप उचलला, पान्यावर चढवला आणि टोक दोन्ही हातांत धरलं. शंभर किलोंचा माणूस. त्याने गुडघे वाकवले.

"कशाला उगाच..." मिस्त्री म्हणाला.

"एक," सर्व्हेअर म्हणाला. "दोन."

भोंग्याने पाय उचलून सगळा भार पाइपवर टाकल्यासारखं केलं आणि घशातून हुंकार काढला.

"थांब!" मिस्त्री धावला. त्याने भोंग्याला खांद्याने बाजूला ढकललं आणि पाइपाला मिठी मारली. "रॉड वाकेल, मूर्खा! आतला रॉड वाकेल!"

जावई दारातून दोन पावलं आत आला. बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं.

"वाकू दे की," सर्व्हेअर शांतपणे म्हणाला. "संपलेल्या इंजिनाचा रॉड वाकला तर कोणाचं काय जातं?"

मिस्त्रीने पाइप सोडला नाही.

"शनिवारी इथे चार माणसं होती," सर्व्हेअरने वही उघडली. "वहिनींनी सगळ्यांचं बोलणं मला शब्दाला शब्द सांगितलंय. हे इंजिन बंद राहावं असं वाटणारी दोन. जावयाला सासूची गाडी मोडीत काढायची होती. तो काय म्हणाला? 'लावा, लावा, काय ते एकदाचं होऊन जाऊ दे.' त्याने काही केलं असतं तरी इंजिन तुटलं तर त्याला बरंच होतं, पुरावाही गेला असता. भोंग्याने तर स्वतःच पाइप उचलला होता. जोर लावू दिला नाही तो एकट्या मिस्त्रीने. वर धुतलेली चादर घातली. प्रत्येक तोंडाला स्वच्छ बोळे लावले. भंगाराला कोणी बोळे लावतं? तुम्हाला हे इंजिन वहिनींसाठी मेलेलं हवं होतं आणि तुमच्यासाठी धडधाकट. जाम केलंत, पण ओरखडाही येऊ न देता. कसं, तेवढं मला अजून कळलेलं नाही."

"मला कळलं," बाई म्हणाली.

ती गाडीपासून पुढे आली. भिंतीवरून तिने एक लांब सॉकेट काढलं. "ठिपके सात दिले. जे जे सुटतं तिथे. चार हीटर प्लग सुटतात, थेट पिस्टनच्या वर उघडणारे, तिथे द्यायला मिस्त्री बोलले नाहीत. जो माणूस एक वॉशर विसरत नाही, तो चार प्लग विसरला." तिने पहिला हीटर प्लग सैल केला. "डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर जागा किती असते, जावईबापू? अर्ध्या वाटीएवढीही नाही. तिथे हवा असली तर ती दाबली जाते. तेल दाबलं जात नाही."

चारही प्लग काढून तिने ओळीने बाकावर ठेवले. मग पाइप बाजूला करून नुसता पाना धरला आणि एका हाताने खाली ओढला.

इंजिन फिरलं. दुसऱ्या भोकातून तेलाची पिचकारी छतापर्यंत उडाली, आणि परतताना निम्मी जावयाच्या शर्टावर आली. मग तिसऱ्यातून. मधासारखं स्वच्छ, नवं तेल.

"डिझेल इंजिनात तेल घालून पाच मिनिटं चालवलं तर काळं होतं," यार्डवाला पुटपुटला. "आणि माझ्या अख्ख्या यार्डात नव्या तेलाचा एक डबा नाही. ताई, मोकळा झालो मी!"

६

मिस्त्रीने हात पुसले. 

"हो," तो म्हणाला. "शुक्रवारी ओतलं. कशाची लाज वाटून घेऊ? तिथे मंगळवारी वीस मिनिटं सगळे त्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते. इंजिन ऐकत होतो तो मी एकटा. चाळीस वर्षांत असं ऐकलं नव्हतं. आणि ते जाणार कुठे, तर टॅक्सीत! दिवसाला दोनशे किलोमीटर, खड्डे, भरलेली डिकी. तीन वर्षांत तू त्याचा चोथा केला असतास, बाई. माझ्याकडे ते तीस वर्षं राहिलं असतं."

"ताडपत्रीखाली."

"हो, ताडपत्रीखाली! जपून. रविवारी एकदा सुरू करून."

"आणि माझा परवाना?"

मिस्त्रीने खांदे उडवले, पण तिच्याकडे बघितलं नाही. "तुला जावई आहे, मुलगी आहे. उपाशी नसतीस राहिली."

तेलाने भिजलेला जावई काहीतरी बोलायला गेला. बाईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो शर्ट पुसायला लागला.

"सगळ्यांनी माझी सोय लावून ठेवलीय," ती म्हणाली. "एकाने अर्ज भरून, एकाने तेल ओतून. मला तेवढं विचारायचं राहिलं. मिस्त्री, चोवीस वर्षं माझी गाडी तुमच्या हातात दिली. तुम्ही मागितलं असतंत, तुझ्याऐवजी मला दे म्हणून, तर नाही म्हटलं असतं. तोंडावर. भांडलो असतो. पण तुम्ही मला गंजलंय म्हणून सांगितलंत."

मिस्त्री बोलला तो हिशेबी आवाजात. "बुधवारी तपासणी आहे. इंजिन बदललेल्या गाडीच्या फॉर्मवर परवानाधारक मिस्त्रीची सही लागते. या मॉडेलवर हात बसलेला माझ्याशिवाय कोणी नाही. मी बसवून देतो, उद्या रात्रीच्या आत. सही देतो. झालेली गोष्ट आपल्या सहा जणांत राहू दे."

जावई लगेच म्हणाला, "आई, चांगलं सांगतायत. घ्या."

सर्व्हेअरने वही खिशात घातली. त्याचं काम संपलं होतं.

बाईने हीटर प्लग एकेक करून रुमालात गुंडाळले. "स्टँडवर सगळ्यांना सांगणार आहे मी. त्यांच्याही गाड्या तुमच्याकडे येतात. त्यांना कळायला हवं की ज्याच्या गाडीतलं काही तुम्हाला आवडेल, त्याने सांभाळून राहावं. आणि सही नको."

"सहीशिवाय तुला दारातूनही आत घेणार नाहीत."

"घेतील की नाही ते मी दाराशी जाऊन बघेन. भोंग्या, पिकअप लाव."

"आता?" भोंगा ओरडला, नेहमीच्या आवाजात.

"आत्ता. इंजिन वर, गाडी मागे दोराने. शेठ, तुमच्या यार्डात क्रेन आहे ना?"

यार्डवाल्याने हाताची घडी सोडली. "क्रेन आहे, पाने आहेत, माझं नाव तर धुऊन निघालंच पाहिजे. पण ताई, बसवणार कोण?"

७

बुधवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी काळी सेडान तपासणी केंद्राच्या फाटकातून आत आली, स्वतःच्या चाकांवर. बाईच्या उजव्या हाताची दोन बोटं पट्टीने बांधलेली होती. सोमवारची दुपार आणि मंगळवारचा सगळा दिवस यार्डात गेला होता. इंजिन तीनदा आत सोडलं, तीनदा वर घेतलं. चौथ्या वेळी बसलं. सर्व्हेअरने हाताने लिहिलेल्या यादीवरचा प्रत्येक नट तिने स्वतः आवळला होता आणि भोंग्याने प्रत्येक नट तिच्यानंतर परत तपासला होता.

जावईही आला होता, मागच्या सीटवर. येऊ नका म्हटलं तरी. सोमवारी रात्री त्याने तो अर्ज बायकोच्या हातात दिला होता, आणि तिने त्याचं काय केलं ते कोणी त्याला विचारलं नाही.

निरीक्षकाने बॉनेट उघडायला लावलं, नंबर जुळवला, इंजिन सुरू करायला सांगितलं. धूर मोजला. ब्रेक पाहिले. उतारावर गाडी उभी करून परत चढवायला लावली. बाईने चढवली.

मग त्याने फॉर्म उलटला.

"इथे इंजिन बसवणाऱ्या मिस्त्रीची सही आणि परवाना क्रमांक. रिकामं आहे."

"नियम सतरा वाचा," बाई म्हणाली. "काल मी वाचला. परवानाधारक मिस्त्री नसेल तर मालकाने स्वतः बसवल्याचं लिहून द्यायचं आणि निरीक्षकाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची."

निरीक्षकाने नियम सतरा काढून वाचला. सहा वर्षांत त्याला कोणी तो वाचायला लावला नव्हता. त्याने फॉर्म बाजूला ठेवला आणि विचारायला सुरुवात केली. इंजिनाचे पाये किती? किती दाबाने आवळले? डिझेलच्या नळीतली हवा कशी काढली? थंड पाण्याची वाट कोणती, गरम कोणती? बाईने उत्तरं दिली. एका ठिकाणी ती अडली, म्हणाली, "नाव माहीत नाही, दाखवते," आणि वाकून बोट ठेवलं. तो अर्धा तास विचारत होता. मागच्या रांगेतले हॉर्न वाजवायला लागले होते.

"बाई," शेवटी तो म्हणाला, "सही तुमची म्हणजे जबाबदारी तुमची. समजा रस्त्यात इंजिन सुटलं, तर?"

"तर गाडीत मीच असेन ना."

त्याने पेन पुढे केलं. पट्टी बांधलेल्या बोटांत ते नीट बसेना. तिने ते मुठीत धरलं आणि रिकाम्या रकान्यात आपलं नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत, चौकटीच्या बाहेर जाईल एवढं. निरीक्षकाने शिक्का मारला.

फाटकाबाहेर आल्यावर जावई पुढच्या सीटवर येऊन बसला. "आई, दोन दिवस झोप नाही तुम्हाला. सरळ घरी घ्या."

"तुम्हाला वाटेत सोडते," बाईने गिअर टाकला. "मी स्टँडवर जाणार. अजून अकराच वाजलेत."